झोजिलाचा घाट: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

श्रीनगरहून लेहला जाणारा राष्ट्रीय महामार्ग १ सोनमर्ग सोडल्यावर झोजिलाच्या घाटात शिरतो. लडाखच्या रस्त्यांविषयी प्रश्न मागवले तेव्हा बहुतेक पत्रं या एकाच घाटाबद्दल आली, म्हणून या वेळचा सगळा स्तंभ त्यालाच दिला आहे.

जूनमध्ये आम्ही चौघं स्वतःच्या गाडीने श्रीनगरमार्गे लेहला जाणार आहोत. वाटेत झोजिलापेक्षा उंच खिंडी आहेत, तरी सगळे यालाच का घाबरवतात? (कोल्हापूर)

कारण घाटाचा धोका उंचीवर ठरत नाही. डोक्यावर काय लटकतंय आणि चाकाखाली काय आहे, त्यावर ठरतो. झोजिला ३,५२८ मीटर उंच आहे. त्याच रस्त्यावर कारगिलच्या पुढचा फोटुला ४,१०८ मीटर, म्हणजे जवळजवळ ५८० मीटर जास्त उंच. पण फोटुलावर बर्फ त्या मानाने थोडं पडतं, वळणं सैल आहेत आणि पावलागणिक दरड नाही.

हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे झंझावात काश्मीर खोऱ्यावरून बाष्प घेऊन येतात आणि हिमालयाच्या मुख्य रांगेवर आदळतात. झोजिला म्हणजे त्या भिंतीतली खाच. वारा या खाचेतून दाबून घुसतो, बर्फ काश्मीरच्या अंगाला टाकतो आणि लडाखला कोरडा पोचतो. आजूबाजूच्या उतारांवरचं बर्फही वारा रस्त्यावर आणून भरतो, त्यामुळे वसंतात रस्ता उघडतो तेव्हा दोन्ही बाजूंना गाडीपेक्षा उंच भिंती असतात.

भूगोल आपल्या सह्याद्रीसारखा आहे हे लक्षात घ्या. कोकणातून वर येताना घाट खडा असतो आणि माथ्यावर आलं की देश सपाट लागतो, तसंच इथे. बालतालपासून माथ्यापर्यंत रस्ता थोड्या किलोमीटरमध्ये सातशे मीटरच्या आसपास चढतो. पलीकडे गुमरीचं पठार, मीनामर्गची कुरणं आणि द्रासपर्यंत मंद उतार. अवघड टप्पा तो चढाचाच.

एक फरक मात्र मोठा आहे. आपल्याकडे दरड पावसात येते, तिथे ती चांगल्या उन्हाच्या दिवशीही येते. डोंगरात पाटीचा दगड आणि चुनखडक आहे, थरांचा आणि भेगाळलेला. दिवसा वितळलेलं पाणी भेगांत शिरतं, रात्री गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि दगड सैल करतं. दुसऱ्या दिवशी ऊन लागून ते बर्फ सुटलं की दगड सुटतो. आकाश निळं आहे म्हणून निश्चिंत राहू नका.

हॉर्न वाजवल्याने बर्फाचा कडा कोसळतो, हे खरं का? (परभणी)

नाही. हॉर्नच्या किंवा ओरडण्याच्या आवाजात बर्फाचा थर सुटेल एवढी ताकद नसते. थर सुटतो तो वरून पडणाऱ्या नव्या बर्फाच्या वजनाने, वाऱ्याने साठवलेल्या भाराने, उन्हाच्या ओलाव्याने किंवा त्यावर चालणाऱ्या माणसाच्या वजनाने. ३० ते ४५ अंशांचे उतार त्याला सर्वांत सोयीचे. याहून खड्या उतारावर बर्फ साठायच्या आधीच घरंगळतं, याहून मंद उतारावर बहुधा बसून राहतं. तेव्हा आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवायला संकोच करू नका.

झोजिलावर रणगाडे चढवले होते असं शाळेत शिकवतो, पण मुलं विचारतात की रस्ता नसताना ते कसे चढले? (नागपूर, शिक्षिका)

मुलांचा प्रश्न नेमका आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

वाट फार जुनी आहे. हिमालयाच्या मुख्य रांगेत इतकी कमी उंचीची खाच दूरवर सापडत नाही, त्यामुळे काश्मीर आणि लडाख यांच्यातली ये-जा शतकानुशतकं इथूनच झाली. १५३०च्या दशकात मध्य आशियातला सेनानी मिर्झा हैदर दुघलात याच वाटेने काश्मीरमध्ये उतरला. पश्मिना, मीठ, चहा तट्टांवर आणि हमालांच्या पाठीवर जात असे. १८७० साली महाराजा रणबीरसिंग आणि ब्रिटिश यांच्यात व्यापाराचा करार झाला. तेव्हापासून श्रीनगर-लेह वाटेला करारातला मार्ग म्हणून ओळख मिळाली. तरीही ती तट्टांची वाटच होती. चाकाचं वाहन घेऊन कोणी ओलांडेल असा रस्ता नव्हता.

पहिल्या भारत-पाकिस्तान युद्धात, १९४८च्या फेब्रुवारीत, लेह वाचवण्यासाठी प्रिथी चंद आणि खुशाल चंद हे हिमाचलमधल्या लाहौलचे अधिकारी सुमारे ४० स्वयंसेवक घेऊन भर हिवाळ्यात, पायी, झोजिला ओलांडून गेले. ८ मार्चला ते लेहला पोचले. पुढे कारगिल आणि द्रास हातातून गेले आणि झोजिलाही पाकिस्तानच्या बाजूच्या फौजांनी अडवला. लेहचा रस्त्याचा संबंध तुटला. २४ मे १९४८ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन डाकोटा विमान लेहच्या वाळूच्या पट्टीवर उतरवलं, पण विमानांनी सगळा भार पेलणं शक्य नव्हतं. सप्टेंबरमध्ये पायदळाने खिंड घेण्याचे प्रयत्न केले. दोन्ही अंगांच्या कड्यांतल्या गुहांमधून मशीनगनचा मारा होत होता, त्यामुळे ते फसले.

गुहेतली मशीनगन पायदळाच्या हत्यारांना बधत नाही, तिच्या तोंडात थेट तोफेचा गोळा टाकावा लागतो. म्हणून थिमय्यांनी ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट हलके रणगाडे मागवले. एकेकाचं वजन १५ टनांच्या आसपास. रणगाड्यांचे बुरूज काढून वेगळे नेले, म्हणजे काय चाललंय ते कळू नये. वाटेतले पूल त्या वजनासाठी बळकट केले आणि श्रीनगरमधून नेताना संचारबंदी लावली. तिकडे मद्रास सॅपर्सच्या, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या लष्करी अभियंत्यांच्या, मेजर थंगराजू यांच्या तुकड्यांनी बालतालपासून वर गुमरीकडे तट्टांच्या वाटेचं रुंदीकरण केलं. सुरुंगाने खडक फोडायचा, वळण कापायचं, आणि हे सगळं शत्रूच्या माऱ्याखाली. रणगाडे चढले ते या कामामुळे. मुलांना सांगताना सॅपर्सचं नाव आधी घ्या, असं मला मनापासून वाटतं.

हवामानामुळे हल्ला पुढे ढकलावा लागला. अखेर १ नोव्हेंबर १९४८ला, बर्फ पडून गेलेलं असताना, लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग 'स्पॅरो' यांचे रणगाडे खिंडीतून गुमरीत घुसले. इतक्या उंचीवर तोवर कोणी रणगाडा लढवला नव्हता. २३ नोव्हेंबरला कारगिल परत मिळालं आणि लेहचा मार्ग मोकळा झाला.

१९६०मध्ये सीमा रस्ते संघटना स्थापन झाली आणि त्या दशकात गाडीचा रस्ता लेहपर्यंत गेला. १९७४ला लडाख पर्यटकांना खुलं झालं. आज तुम्ही ज्या चढावरून जाता, त्यामागे ही वाट आहे.

आणि लडाखी भाषेत 'ला' म्हणजेच खिंड. 'झोजिला खिंड' म्हणणं चूक नाही, पण त्यात खिंड दोनदा येते.

घाट ओलांडायची योग्य वेळ कोणती? परवाना लागतो का? (सातारा)

सकाळ. बर्फ आणि दगड दोन्ही दुपारी सुटतात आणि वितळलेल्या पाण्याचे ओढेही दुपारनंतर फुगतात. पहाटेचा ओढा घोट्याएवढा असेल तर तोच दुपारी चाकाच्या अर्ध्यावर येतो. मात्र अगदी पहाटे, ऊन पडण्याआधी, रस्त्यावरून वाहून गेलेलं पाणी काचेसारखं गोठलेलं असतं. डांबर नुसतं ओलं दिसतं, पण चाक धरत नाही. सावलीतली वळणं आणि मोऱ्यांची तोंडं, इथे हे नक्की असतं. अशा जागी ब्रेक दाबू नका, वळण यायच्या आधीच वेग उतरवा.

वाहतूक पोलीस या टप्प्यावर बहुधा एका वेळी एकाच दिशेने गाड्या सोडतात. अवजड आणि हलक्या वाहनांच्या वेळा वेगळ्या असतात. वेळापत्रक ऋतूनुसार, कधी रोजच्या रोज बदलतं, म्हणून आदल्या संध्याकाळी जम्मू-काश्मीर वाहतूक पोलिसांची सूचना बघा आणि सोनमर्गला मुक्काम करून पहिल्या फळीत निघा. अमरनाथ यात्रेच्या दिवसांत बालतालपर्यंत यात्रेकरूंची गर्दी असते, तेव्हा दोन तास जास्त धरा. एरवी भारतीय नागरिकाला झोजिला ओलांडायला वेगळा परवाना लागत नाही.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही. चौघांपैकी निदान दोघांकडे पोस्टपेड असू द्या, तेही वेगवेगळ्या कंपन्यांचं. घाटात मात्र कुठलंच सिम भरवशाचं नाही.

खंडाळ्याच्या घाटात वीस वर्षं गाडी चालवतोय. तीच पद्धत इथे चालेल का? (पनवेल)

चढताना बरीचशी चालेल, उतरताना सवय तपासून घ्या. परतीला झोजिलाहून सोनमर्गला येताना सुमारे आठशे मीटर उतरावं लागतं. दीड टनाची गाडी साडेसातशे मीटर उतरली तरी तिच्यातून जेवढी उष्णता बाहेर पडावी लागते, तिच्यात खोलीच्या तापमानाचं ३० लिटरहून जास्त पाणी उकळेल. ही उष्णता एकतर इंजिन घेईल किंवा ब्रेक घेतील. ब्रेकने घेतली तर ऑइल उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल पाय लावताच तळाला जातं. नवं डॉट ४ ऑइल २३० अंशांपर्यंत टिकतं. पण दोन वर्षांत हवेतला ओलावा शोषून त्याचा उत्कलनबिंदू १५५ अंशांपर्यंत येतो. म्हणून निघण्याआधी ब्रेक ऑइल बदला, नुसतं भरून भागवू नका.

उतारावर पहिला किंवा दुसरा गिअर. नियम सोपा: चढायला जो गिअर लागला असता तोच उतरायला. ऑटोमॅटिकमध्ये 'डी'वर ठेवून उतरू नका, 'एल' किंवा मॅन्युअल वापरा. ब्रेक थोडा वेळ घट्ट दाबून सोडा, सतत हलका पाय ठेवू नका. जळका वास आला तर सुरक्षित जागी वीस-तीस मिनिटं थांबा, डिस्कवर पाणी ओतू नका. तापलेली डिस्क वाकडी होते.

रस्ता अरुंद असेल तर आधी चढणाऱ्या गाडीला जाऊ द्यायचं, हा नियमच आहे. वाट देताना दरीच्या काठापासून निदान दोन फूट आत राहा. वितळलेलं पाणी साइडपट्टी खालून पोखरतं, वरची माती शाबूत दिसते आणि चाक गेलं की ढासळते. समोरच्या ट्रकचालकाने हात केला तर त्याचं ऐका, त्याला ती कडा रोज दिसते.

मोटरसायकलच्या टायरमधली हवा घाटात कमी करावी का? आणि काय तयारी करू? (पुणे)

हवा सोडू नका. उंचीवर बाहेरचा दाब घटतो म्हणून मापकाचा आकडा वाढतो, पण थंडीने आतली हवा आकुंचन पावते म्हणून तो घटतो. पुण्यात ३० अंशांत ३३ भरलेला टायर झोजिलावर शून्य अंशांत ३२-३३च दाखवतो, १५ अंशांत ३५च्या आसपास. म्हणजे हिशेब तिथल्या तिथे जमतो. हवा सोडलीत तर दगडावर रिम आपटते.

तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के असतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद जवळपास एक तृतीयांश कमी होते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडते, काळा धूर येतो, प्लग काजळतो. चोक पूर्ण बंद ठेवा, एअर फिल्टर स्वच्छ करून निघा, एक प्लग जवळ ठेवा. इंजेक्शनची गाडी मिश्रण स्वतः सांभाळते, ताकद मात्र तिचीही घटते. चढावर अर्धा क्लच धरून ओढत राहिलात तर क्लच प्लेट जळेल. सुरुवातीलाच गिअर उतरवा.

ओढ्यात पहिला गिअर, थ्रॉटल एकसारखा, मध्ये सोडायचा नाही. पुढची गाडी पार गेल्याशिवाय उतरू नका. ट्रकच्या चाकांनी खडी दाबलेली असते, ती रेघ धरा. पलीकडे गेल्यावर दोन्ही ब्रेक हलके दाबून सुकवा. हातमोजे दोन जोड्या, एक तरी पाणी न धरणारी. ओल्या सुती मोज्यातली बोटं पंधरा मिनिटांत ब्रेक लिव्हर नीट ओढेनाशी होतात.

ऑक्टोबरअखेर किंवा एप्रिलमध्ये चारचाकी नेणार असाल तर बर्फासाठी चाकांवर चढवायच्या साखळ्या घ्या आणि त्या घरी एकदा चढवून बघा. साखळी इंजिनाची ताकद जिथे जाते त्या चाकांना लावायची, बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या. अडकल्यावर नव्हे, बर्फ सुरू होण्याआधी. शंभर मीटर जाऊन पुन्हा आवळा आणि ३० किलोमीटरच्या वर वेग नेऊ नका. कूलंट आणि पाणी निम्मंनिम्मं असेल तर उणे ३५ अंशांपर्यंत निभावतं. थंडीत साधं डिझेल मेण धरतं. लडाखसाठी २०१९पासून उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं हिवाळी डिझेल मिळतं, टाकी तिथेच भरा. रात्री ओला हँडब्रेक ओढून ठेवलात तर तो गोठून बसतो. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगडाची उटी लावा.

पुढे दरड पडली, रस्ता बंद झाला, तर नेमकं काय करायचं? (नाशिक)

आधी आपण कुठे उभे आहोत ते वर बघून ठरवा. गिर्यारोहकांच्या शब्दांत सांगायचं तर नाळेच्या (डोंगरातल्या घळीच्या) तोंडाशी थांबू नका, सोंडेवर (पुढे आलेल्या उंचवट्यावर) थांबा. बर्फ आणि दगड दोन्ही नाळेनेच येतात. रस्त्यावर ताजे, धारदार दगड विखुरलेले दिसले तर ती जागा आजही चालू आहे असं समजा. रांग लागली म्हणून पुढच्या गाडीला चिकटून नाळेखाली उभं राहण्यापेक्षा दोनशे मीटर मागे राहा, रांग पुढे सरकली तरी चालेल.

दगड पडत असलेला टप्पा पार करायचा तर एकेक गाडी. संगीत बंद, काचा खाली, एकाने वर नजर ठेवायची, मध्ये थांबायचं नाही. मलबा आपण हटवायला जाऊ नका. पहिल्या दरडीनंतर त्याच जागी दुसरी येते, डोझरचा चालकही वर माणूस ठेवूनच काम करतो.

रात्र काढायची वेळ आली तर गाडीतच थांबा. इंजिन सतत चालू ठेवू नका, तासाला दहा मिनिटं पुरे. त्याआधी प्रत्येक वेळी सायलेन्सरचं तोंड बर्फातून मोकळं करा आणि एक काच बोटभर उघडी ठेवा. तोंड बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नाही, झोप येते आणि माणूस उठत नाही. बर्फात अडकून झालेले अनेक मृत्यू थंडीने नव्हे, या वायूने होतात. सामानात प्रत्येकी एक ब्लँकेट, तीन लिटर पाणी, चिक्की-खजूर, टॉर्च, टोचन दोरी, फावडं एवढं हवंच.

कोणी बर्फाखाली गाडला गेलाच तर मदतीची वाट बघू नका. पहिल्या पंधरा मिनिटांत काढलेली बहुतेक माणसं वाचतात, अर्ध्या तासानंतर फार थोडी. जिथे शेवटचं दिसलं त्याच्या खालच्या बाजूला शोधा, आणि एकाने वर बघत राहा.

आई पंचाहत्तरीची आहे. उंचीचा त्रास होईल का? (छत्रपती संभाजीनगर)

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मनालीपेक्षा श्रीनगरची वाट चांगली, याचं कारण झोपण्याची उंची. श्रीनगर १,५८५ मीटर, सोनमर्ग सुमारे २,७००, मग ३,५२८ ओलांडून कारगिलला पुन्हा २,६७६वर मुक्काम. मनालीकडून सरचूला थांबलात तर थेट ४,२०० मीटरच्या वर झोपावं लागतं. द्रासला (३,२८० मीटर) पहिला मुक्काम टाळा, कारगिल गाठा. ॲसिटाझोलामाइड हे उंचीच्या त्रासावरचं औषध घ्यायचं का, हे आईच्या डॉक्टरांना आधी विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर मुद्दाम सांगा. डोकेदुखी, मळमळ ही सूचना आहे, पण चालताना तोल जाणं, बरळणं किंवा बसल्याजागी धाप लागणं दिसलं तर रात्र न काढता खाली उतरा.

बोगदा झाल्यावर हे सगळं संपणार ना? (सोलापूर)

मोठा भाग संपेल. सोनमर्गच्या अलीकडचा ६.५ किलोमीटरचा बोगदा १३ जानेवारी २०२५ला सुरू झाला, त्यामुळे सोनमर्ग आता हिवाळ्यातही तुटत नाही. बालताल ते मीनामर्ग हा झोजिलाचा मुख्य बोगदा १३ किलोमीटरच्या आसपास आहे. त्याचं काम २०२०मध्ये सुरू झालं. हवा खेळती राहावी म्हणून डोंगराच्या माथ्यावरून आत विहिरीसारखे तीन उभे बोगदे (शाफ्ट) घेतले आहेत. घाटाचे काही तास त्यात वीसेक मिनिटांवर येणार.

दरम्यान यंत्रांनी आणि माणसांनी बंदचे दिवस आधीच घटवले आहेत. पूर्वी झोजिला पाच-सहा महिने बंद असे. २०२१च्या वसंतात तो ११० दिवसांनी उघडला, २०२२ला ७३, २०२३ला ६८, २०२४ला ३५ आणि २०२५ला ३२ दिवसांनी. सोनमर्गकडून बीकन आणि द्रासकडून विजयक, या सीमा रस्ते संघटनेच्या दोन प्रकल्पांच्या तुकड्या दोन टोकांनी बर्फ कापत येतात आणि माथ्यावर भेटतात. हे काम हिमस्खलनाच्या उताराखालीच करावं लागतं.

पण बोगदा मीनामर्गला संपतो, बर्फ तिथे संपत नाही. पुढे मटायन गावापर्यंत दोन्ही अंगांच्या उतारांवरून रस्त्यावर बर्फ येतं. शिवाय बोगद्याच्या आत रस्ता कोरडा आणि हवा बाहेरच्यापेक्षा उबदार, त्यामुळे वेग नकळत वाढतो आणि तोंडातून बाहेर पडताच चाकाखाली बर्फ येतं. बाहेरचा उजेड दिसू लागला की तिथेच, आत असतानाच, गिअर उतरवा.